कुंडीतली आमरी आणि झाडावरची आमरी

शाळेची सहल घाटातून परत येते, तेव्हा बसच्या मागच्या बाकावर काय काय असते ते एकदा पाहा. रंगीत दगड, पक्ष्यांची पिसे, वाळलेल्या शेंगा, आणि पुष्कळदा वर्तमानपत्रात गुंडाळलेले, जाड पानांचे आणि लोंबत्या मुळांचे एखादे रोप. ‘झाडावर होतं, बाई. घरी कुंडीत लावणार आहे,’ असे ते आणणारा अभिमानाने सांगतो आणि बाईही त्याचे कौतुक करतात. हे रोप म्हणजे आमरी. ऑर्किड या नावानेही तुम्ही तिला ओळखत असाल.

मी स्वतः शाळेत असताना असेच एक रोप आणले होते. चांगली काळी माती घेतली, शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. दिवाळीच्या सुट्टीत आणलेले ते रोप संक्रांतीच्या आत कुजून गेले. तेव्हा मला वाटले, आपली माया कमी पडली. खरे म्हणजे ती फार जास्त झाली होती.

विद्यार्थी मित्रांनो, माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरी आमरी जरूर वाढवा. परंतु ती रोपवाटिकेत तयार झालेली असावी. रानातल्या झाडावरून एकही काढून आणू नये, अगदी अभ्यासासाठीसुद्धा. यावर ‘एका रोपाने काय होणार?’ असा प्रश्न येतोच. म्हणून आधी ही वनस्पती जगते कशी ते पाहू.

पहिली गोष्ट, झाडावरची आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे. बांडगुळाची मुळे झाडाच्या सालीतून आत शिरतात आणि त्याचा रस शोषून घेतात. बांडगूळ जेथे चिकटते तेथे फांदीला बहुधा गाठ आलेली दिसते. आमरी मात्र सालीला फक्त बाहेरून धरून बसते. झाडाकडून तिला मिळते ती जागा आणि उजेड. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. हा घोटाळा जुना आहे. व्हांडा हे आमरीच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून आले, आणि हा शब्द बांडगुळासारख्या वनस्पतींनाही लावत असत. तेव्हा आंब्यावरची बांडगुळे काढताना आमरीही खरवडून टाकणाऱ्याला फार दोष देता येत नाही. पण तुम्ही त्याला फरक दाखवू शकता.

मग हिला पाणी कोठून मिळते? तिची मुळे नीट पाहा. कोरडे असताना मूळ चंदेरी पांढरे दिसते. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, क्षणात तो भाग हिरवट होतो. मुळाभोवती मृत पेशींचा एक स्पंजासारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस पडताच तो पाणी टिपून घेतो. पेशी पाण्याने भरल्या की थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पाऊस थांबला की मूळ वाऱ्यावर वाळते आणि त्याला हवा मिळते. भिजणे आणि वाळणे, या पाळीवरच सारे चालते. हेच मूळ ओल्या मातीत पुरले की वाळण्याची पाळी कधी येतच नाही. हवेवाचून ते गुदमरते आणि बुरशी लागून कुजते. माझ्या रोपाचे हेच झाले.

आपल्या सह्याद्रीतल्या एका आमरीची गंमत तर याहून मोठी आहे. डेंड्रोबियम बार्बॅट्युलम नावाची ही आमरी पावसाळा संपल्यावर पाने गाळते. नुसती काटकुळी, सुकल्यासारखी खोडे उरतात आणि हिवाळ्यात त्या निष्पर्ण खोडांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस येतात. तिला नेमका त्याच वेळी कोरडा आराम हवा असतो. घरी आणणाऱ्याला मात्र ती मेलीशी वाटते. तो घाबरून जास्त पाणी घालतो, आणि मग ती खरोखरच मरते.

आता ‘एका रोपाने काय होणार?’ या प्रश्नाकडे वळू. प्रश्न विचारणाऱ्याची बाजू वरवर पाहता भक्कम आहे, कारण आमरीला बिया अतोनात येतात. चार्ल्स डार्विनने १८६२ साली आमरींच्या परागणावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने इंग्लंडमधल्या एका आमरीच्या बिया मोजण्याचा उद्योग केला. एका बोंडात सुमारे ६,२०० बिया आणि एका रोपावर ३० बोंडे, म्हणजे एका रोपाच्या १ लाख ८६ हजारांवर बिया! सगळ्या रुजल्या तर त्या रोपाच्या पणतवंडांनीच पृथ्वीवरची बहुतेक जमीन झाकून जाईल, असा हिशेब त्याने मांडला.

परंतु पृथ्वी काही आमरींनी झाकलेली नाही. असे का? आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. हरभऱ्याच्या दाण्यात जसा अन्नाचा साठा असतो तसा तिच्या बीत नसतो. रुजण्यासाठी तिला एका विशिष्ट बुरशीची संगत लागते. ही बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्यामार्फत कोवळ्या जिवाला अन्न मिळते. नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८९९ मध्ये ओळखले. लाखो बिया वाऱ्यावर उधळल्या जातात, त्यांतली एखादी योग्य फांदीवर, योग्य बुरशीजवळ, योग्य ओलाव्यात पडते आणि मग कित्येक वर्षांनी फुलावर येते. घाटातल्या झाडावरून तुम्ही जे ‘एक रोप’ ओरबाडता, ते या सगळ्या सोडतीत जिंकलेले रोप असते. शिवाय पुढच्या लाखो बिया देणारेही तेच असते.

हे नुसते गणित नव्हे. केरळच्या अगस्त्यमलई डोंगरात पॅफिओपेडिलम ड्रुरी नावाची एक सुंदर पिवळी आमरी होती. तिच्या फुलाचा एक भाग सपातेसारखा असतो. १८६५ च्या सुमारास ती शास्त्रज्ञांना प्रथम माहीत झाली. त्यानंतर हौशी लोकांसाठी आणि व्यापारासाठी ती डोंगरावरून इतकी उपटली गेली की आज तिची गणना अत्यंत धोक्यातल्या वनस्पतींत होते. जगभरच्या संग्राहकांच्या काचघरांत ती आहे. तिच्या स्वतःच्या डोंगरावर मात्र ती जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. कायदे आहेत, नाहीत असे नाही. सबंध आमरी कुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटीस’ कराराचे नियंत्रण आहे आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. पण घाटातल्या वळणावर पाटीत विकायला ठेवलेल्या रोपापर्यंत असा करार पोचत नाही. तेथे गिऱ्हाइकाने नको म्हणणे हाच उपाय.

नको म्हणून हौस मारायची का? मुळीच नाही, कारण वाट केव्हाच सापडली आहे. अमेरिकेतील लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवले की, साखर आणि क्षार घातलेल्या आगरच्या जेलीवर, निर्जंतुक बाटलीत, आमरीचे बी बुरशीवाचूनही रुजते. पुढे १९६० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्जेस मोरेल यांनी वाढत्या अंकुराच्या टोकापासून आमरीची अनेक रोपे मिळवण्याची रीत दाखवून दिली. आज बाजारात मिळणारी संकरित डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिस ही या बाटल्यांचीच लेकरे आहेत. काही निसर्गप्रेमी अशा रोपांना ‘कारखान्यातली’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीने रानातल्या फांदीवरचा भार हलका केला, यात कमीपणा कसला?

रोप घेताना जरा डोळसपणे पाहा. रोपवाटिकेतले रोप जाळीच्या कुंडीत असते आणि त्याची मुळे कुंडीतल्या कोळशाभोवती वेटोळे घालून वाढलेली असतात. रानातून ओरबाडलेल्या रोपाची मुळे तुटकी असतात, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले असतात आणि पाने किड्यांनी खाल्लेली, दगडफूल चढलेली असू शकतात. विक्रेत्याला ‘कुठून आणलं?’ असे विचारायला लाजू नका.

कोकणात आणि मुंबईत सुरुवात डेंड्रोबियमपासून करावी. दमट हवा तिला मानवते. कुंडीत माती अजिबात नको. लोणारी कोळसा, विटांचे वा कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरेत. कुंडीला भरपूर भोके हवीत. शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत ठेवलेले रोप म्हणजे विहिरीत टाकलेले रोप समजा. पाणी सकाळी द्यावे आणि मुळे पुन्हा चंदेरी झाल्यावरच पुढचे. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात कुंडीखाली ओल्या खड्यांचे ताट ठेवा, पण कुंडीचे बूड पाण्यात बुडू देऊ नका. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नाही. पाने गर्द हिरवी होऊन फूलच येत नसेल तर उजेड कमी पडतो आहे आणि पाने पिवळट पडली तर ऊन जास्त होते आहे. खत द्यायचेच तर डब्यावरच्या मात्रेच्या पाव भागाने. कुंडीबाहेर आलेली मुळे कापू नका, ती हवेतच राहायची असतात. आणि फुले गळाली म्हणून रोप फेकून देऊ नका.

शिक्षकांना एक विनंती. फॅलेनॉप्सिसचे एक रोप वर्गाच्या खिडकीत ठेवून पाहा. त्याच्या फुलाच्या मध्यभागी असलेल्या स्तंभाच्या टोकाला काडीने हलकेच स्पर्श केला की पिवळे परागपुंज काडीला चिकटून बाहेर येतात. कीटकाच्या अंगाला ते कसे चिकटत असतील हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या काडीवरून लवकर कळेल. वनस्पतिसंग्रहासाठी मात्र आमरी उपटायला सांगू नका. तिचे चित्र काढायला सांगा, छायाचित्र घ्या. ती कोणत्या झाडावर, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात फुलली, याची नोंद वहीत करायला लावा. महाराष्ट्रात आमरींच्या शंभराहून अधिक जाती आहेत. ही वही भरायला शाळेची सगळी वर्षे लागतील.

एक आक्षेप मात्र खरा आहे. वादळात फांदी मोडून आमरीसकट खाली पडली, तर ती रोपे जमिनीवर कुजणारच. मग ती घरी नेली तर बिघडले कोठे? अभयारण्यात असाल तर हात न लावता वनरक्षकाला सांगा. गावाच्या वा शेताच्या झाडाची फांदी असेल, तर रोप सालीच्या तुकड्यासह उचला आणि जवळच्या तशाच खरखरीत सालीच्या झाडावर, पूर्वी होते साधारण तेवढ्याच उंचीवर सुतळीने बांधा. फार आवळू नका आणि वर माती लिंपू नका. हे पावसाळ्याच्या तोंडाशी केले तर उत्तम. नवी मुळे सालीला घट्ट धरेपर्यंत सुतळीही बहुधा कुजून गळून पडते.