वचन भगवंताचे, उत्तरदायित्व आपले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार जीव ढिगाऱ्याखाली गेले. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. ज्या विघ्नहर्त्याला भक्तिभावाने निरोप दिला, त्याने काही तासांतच आपल्या लेकरांकडे पाठ फिरवली काय, हा प्रश्न किल्लारी परिसरात तेव्हा अनेकांच्या ओठी होता. तो प्रश्न नास्तिकांचा नव्हता. आयुष्यभर पंढरीची वाट चालणाऱ्यांचा होता. म्हणूनच त्याला बगल देणे श्रद्धेला शोभणारे नाही.

आपल्या भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो, त्याचा नाश होत नाही, असे अभिवचन भगवंताने गीतेत दिले आहे. परंतु ते कोठे दिले, हे आपण विसरतो. ते रणांगणावर दिले. ज्या अर्जुनाने ते स्वतःच्या कानांनी ऐकले, त्याला गांडीव उचलावेच लागले आणि त्याच युद्धात पोटचा अभिमन्यू गमवावा लागला. सारथ्य साक्षात श्रीकृष्णाचे असूनही दुःख टळले नाही. तेव्हा ईश्वराचे अभिवचन म्हणजे संकटातून सूट नव्हे. धर्माच्या बाजूने केलेले कर्म वाया जाणार नाही, ही ती ग्वाही आहे. नवस बोलून देवाशी सौदा करणाऱ्या मनाला हा अर्थ पचणे कठीण जाते.

या अर्थाची साक्ष नांदेडची भूमी देते. चमकौरच्या गढीत अवघ्या चाळीस शिखांनिशी गुरू गोविंदसिंगांनी प्रचंड मोगल सेनेला तोंड दिले. दोन पुत्र तेथे धारातीर्थी पडले. दोन कोवळ्या पुत्रांना सरहिंदला भिंतीत चिणण्यात आले. चारही पुत्र गमावलेला हा महापुरुष १७०८ मध्ये गोदातीरी आला, तो खचून नव्हे. येथेच त्यांनी माधोदास बैराग्यातील योद्धा जागवला आणि बंदासिंग बहादूर म्हणून त्याला पंजाबात धाडले. येथेच गुरुपद ग्रंथसाहिबाला अर्पण केले; त्या ग्रंथात आमच्या नामदेवांची वाणीही आहे. मारेकऱ्याच्या घावांनंतर ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी देह ठेवला. मे १७१० मध्ये सरहिंदची जुलमी सत्ता कोसळली, ती पाहण्यास गुरू देहाने नव्हते. ज्याला वचनपूर्तीचा दिवस स्वतः पाहायचा नसतो, त्याचीच श्रद्धा खरी.

आता किल्लारीकडे पुन्हा पाहू. दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे यांनी झोपेतल्या माणसांना गाडले. निसर्गनियम ईश्वराचेच आहेत. भक्तांसाठी तो ते स्थगित करीत नाही. ते जाणून मजबूत घरे बांधणे हाही धर्मच होय. मग भगवंत त्या पहाटे कोठे होता? ढिगारे उपसणाऱ्या हातांत तो होता. त्या हातांत जवान होते, स्वयंसेवक होते, शेजारच्या गावांतले अनाम लोक होते. भूकंपग्रस्त मुलांसाठी जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळला निवासी विद्यालय उभारले. पोरक्या मुलाच्या ताटात पडलेली भाकरी हे योगक्षेमाचे दृश्य रूपच नव्हे काय?

या परीक्षेतून मराठवाडा आजही सुटलेला नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून नेली. कर्जाने पिचलेला शेतकरी गळफास जवळ करतो, तेव्हा त्याला ‘देवावर विश्वास ठेव’ एवढेच सांगून आपण मोकळे होणार असू, तर तो उपदेश निर्दय ठरेल. देवाने आपल्याला टाकले, असे त्याला वाटते. कारण त्याआधी समाजाने त्याला टाकलेले असते. सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी त्याला गावाचे दार उघडे दिसले पाहिजे. विधवा झालेल्या भगिनीच्या शेतात पेरणी गावाने केली पाहिजे. देवळाच्या कळसासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या हातांनीच तिच्या मुलांचे शिक्षण पाहिले पाहिजे.

भगवंत आपले वचन पाळतो, यात शंका नाही. मात्र ते तो बहुधा माणसांच्या हातांनी पाळतो. ते हात आपण आखडते घेतले, तर दोष त्याच्या वचनाला देता येणार नाही.