‘हॅम्लेट’मधील वाक्ये आणि त्यांचे धनी

शोकांतिकेवरील उत्तरपत्रिकांत ‘शेक्सपिअर म्हणतो’ असे लिहून पुढे एखादे वाक्य ठेवण्याची चाल इतकी रूढ झाली आहे की, तीत काही चुकते आहे असे परीक्षकांनाही वाटेनासे झाले आहे. आम्हांला मात्र ती मूळचीच गफलत वाटते. नाटकात नाटककार बोलत नाही. पात्रे बोलतात, आणि तीही कोणाला तरी उद्देशून, काही हेतू मनात धरून.

स्वतःशी प्रामाणिक राहावे, हा ‘हॅम्लेट’मधील उपदेश घ्या. निरोपसमारंभांत तो शेक्सपिअरचे जीवनसूत्र म्हणून मिरवतो. वास्तविक तो पोलोनियसचा आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, फ्रान्सला निघालेल्या मुलाला केलेला. आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभीच हा बाप त्याच मुलाची माहिती काढण्यासाठी पॅरिसला माणूस धाडतो. वर, मुलाविषयी थोडे खोटेनाटे पसरवून खरे कसे काढून घ्यावे, याची युक्तीही त्याला शिकवतो! हे दोन प्रवेश शेजारी ठेवून वाचले की त्या सुभाषिताचा सूरच पालटतो. शब्द न् शब्द बरोबर उतरवला आणि पोलोनियस गाळला, तर ते अवतरण आम्ही चुकीचेच मानू.

शब्दार्थाकडेही असेच दुर्लक्ष होते. नाटकातले नाटक पाहताना गर्ट्रूड त्यातील राणीवर जो शेरा मारते, त्यातील ‘प्रोटेस्ट’ या क्रियापदाचा अर्थ त्या काळी शपथपूर्वक ग्वाही देणे असा होता. आज ते नाकारणे या अर्थाने वाचले जाते, वाक्यातील शब्दक्रमही बदलला जातो. पतिनिष्ठेच्या अतिरेकी आणाभाकांवरचा हा शेरा पुनर्विवाह केलेल्या राणीच्याच तोंडी आहे, ही खोच मग हरवते.

शिवाय अचूक म्हणजे कोणत्या प्रतीनुसार? १६०३ आणि १६०४-०५ चे दोन क्वार्टो व १६२३ चा फोलिओ यांत पुष्कळ फरक आहेत. चौथ्या अंकातील हॅम्लेटचे स्वगत दुसऱ्या क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. पहिल्या स्वगतात देहाला लावलेले विशेषण फोलिओत ‘घन’ या अर्थाचे. क्वार्टोतील शब्द अनेक संपादक ‘मलिन’ असा लावतात. देहाचा भार की देहाचा विटाळ, हे विवेचन या एका शब्दावर फिरते. म्हणून आवृत्तीचा निर्देश हवाच.

मराठीतून अवतरण देताना आणखी एक धनी वाढतो. ‘विकारविलसित’मधील (१८८३) वाक्य आगरकरांचेही असते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील (१९७०) बेलवलकरांचे स्वगत तर हॅम्लेटच्या नावावर सर्रास खपते.

वाक्य पाठ नसले तरी वक्ता, श्रोता आणि प्रसंग नेमका सांगून आशय स्वतःच्या मराठीत मांडणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत, असे आमचे मत आहे. दहा वाक्ये घोटून आलेल्याला तोंडी परीक्षेत एवढेच विचारावे: हे पोलोनियस कोणाला सांगतो आहे, आणि त्यानंतर तो काय करतो?