स्कार्फ गळ्यात, ताट हातात

साप्ताहिक स्तंभ : शाळेबाहेर

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या समारंभाला जा. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली की दोन्ही बाजूंना गाईडच्या मुली उभ्या दिसतात. गणवेश कडक इस्त्रीचा, गळ्यात स्कार्फ. एकीच्या हातात ओवाळणीचे ताट, दुसरीकडे गुलाबाची फुले, तिसरी पाण्याचे पेले सांभाळत उभी. स्काऊटची मुले तेव्हा बहुधा खुर्च्या हलवत असतात. कार्यक्रम संपला की मुली खरकटे पेले गोळा करतात आणि लॉगबुकात त्या दिवसापुढे ‘सेवा’ असे लिहितात.

या लॉगबुकाला वजन आहे. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार, अशी भारत स्काऊट्स आणि गाईड्सची शिडी आहे. प्रत्येक पायरीला चाचणी, शिबिर, गाठी, प्रथमोपचार, प्रावीण्य पदके आणि समाजसेवा. वरच्या टोकाला पोचलेल्या मुलीला रेल्वेच्या स्काऊट-गाईड कोट्यातून नोकरीची वाट खुली होते. कोकणातल्या मुलीला रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे ‘मुली प्रमाणपत्रासाठीच हे सगळं करतात’ असे नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. प्रमाणपत्रासाठी करू देत. पण ते नेमके कशाबद्दल मिळते?

सेवा ही गोष्ट आपल्या मुलींना पुरस्काराचे आमिष दाखवून शिकवावी लागत नाही. नववीतली मुलगी सकाळी पाणी भरते, धाकट्याला आवरते, आजीला गोळ्या देते आणि मग एसटी पकडते. या सेवेची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. तिला एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे ठरवण्याची संधी. किनारा कधी झाडायचा, रोपे कुठे लावायची, पथनाट्याचा विषय काय, हे गाईड कॅप्टन असलेल्या शिक्षिका ठरवतात. बाईंना वरून परिपत्रक आलेले असते आणि परिपत्रकाला फोटो हवा असतो. मुली काम मनापासून करतात, पण ते काम त्यांनी निवडलेले नसते. माझी तक्रार एवढीच आहे.

गंमत अशी, की गाईडची चळवळ मुलींच्या हट्टातूनच सुरू झाली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी स्काऊट मुलांचा मेळावा भरवला. तिथे काही मुली बोलावणे नसताना हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत, म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी गाईडची वेगळी संघटना निघाली. बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस तिची प्रमुख झाली. १९१२ मध्ये मुलींसाठी जे हस्तपुस्तक आले, त्याचे उपशीर्षकच होते, मुली साम्राज्य उभारायला कशी मदत करू शकतील! न बोलावता आलेल्यांना तीन वर्षांत मदतनीस करून टाकले. भारतात १९११ साली जबलपूरला पहिली कंपनी निघाली. साम्राज्य कधीच गेले. मदतनीसपण मात्र आपण जपून ठेवले आहे.

दुसरीकडे काय चालते, हे पाहायला विलायतेला जायची गरज नाही. जगभरच्या गाईड संघटनेची जी मोजकी जागतिक केंद्रे आहेत, त्यांतले ‘संगम’ पुण्यात आहे. १९६६ च्या ऑक्टोबरात बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलाव्ह यांनी त्याचे उद्घाटन केले. तिथे परदेशातून गाईड येतात आणि पुण्यातल्या संस्थांबरोबर काम करतात. अमेरिकेतल्या गर्ल स्काऊटच्या ‘गोल्ड अवॉर्ड’मध्ये मुलीने प्रश्न स्वतः शोधायचा, त्याच्या मुळाशी जायचे आणि आपण बाजूला झाल्यावरही काम चालू राहील अशी सोय करायची, अशी अपेक्षा असते. त्यासाठी सुमारे ८० तासांचे काम धरलेले असते. तिथेही दिखाऊ प्रकल्प होत असतीलच. पण प्रश्न मुलीचा असावा, हे निदान कागदावर आहे.

आपल्याकडे असा प्रश्न शोधायला आता गणपतीपुळ्याला येऊ. इथला डोंगरच देव मानलेला, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची, साधारण एक किलोमीटरची. ती झाली की भाविक थेट वाळूत उतरतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून आलेली कुटुंबे, त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. पाणी गुडघ्याएवढे वाटते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. बुडून गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. सूचनाफलक आहेत, जीवरक्षक आहेत. अंगारकीच्या गर्दीत त्यांची शिटी कितीशी पोचणार?

याच परिसरातल्या शाळांत गाईड लाठ्या आणि स्कार्फ जोडून स्ट्रेचर करायला शिकतात. मैदानावर एखादी मैत्रीण खोटीखोटी बेशुद्ध पडते, तिला उचलून नेतात, परीक्षक खूण करतात. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यांच्या सरावात तो कुठेच नाही. या मुलींना भरती-ओहोटी आजोबांकडून कळते, कुठला पट्टा वाईट आहे ते ठाऊक असते. त्यांना फक्त एवढे विचारा, की इथे काय बदलावे असे तुम्हाला वाटते? एखादी म्हणेल, फलक कानडीतही हवा. दुसरी म्हणेल, तो वाळूत नको, लोक चपला काढतात तिथे हवा. तिसरी महिनाभर दुपारी बसून नोंद करेल, की लोक कुठल्या वेळी आणि नेमके कुठे पाण्यात जातात. एखादीला या सगळ्यापेक्षा समुद्री कासवांच्या अंड्यांची राखण महत्त्वाची वाटेल. शेजारच्या मालगुंडच्या वाळूत ऑलिव्ह रिडले घरटी करतात आणि पिल्ले बाहेर यायला दीडपावणेदोन महिने लागतात. तेवढा वेळ धीर धरणे हीच मोठी चाचणी. वाटू दे तिला तसे.

पालक म्हणतील, गर्दीत मुलींना किनाऱ्यावर कशाला? बरोबर आहे. चौदा वर्षांच्या मुलीने कुणाला वाचवायला पाण्यात उतरू नये, आणि अंगारकीला तर तिला तिथे उभी करूच नये. शिक्षिकांचेही म्हणणे खरे आहे: निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाईन माहिती भरणे यांतून गाईडच्या तासाला उरते काय? मुलींनी ठरवलेले काम फसू शकते आणि फसलेल्या कामाचा फोटो चांगला येत नाही. मला वाटते, चाचणी शिबिरात एक प्रश्न घातला तरी पुष्कळ बदलेल: हे काम कोणी सुचवले आणि तुम्हाला कोणी नाही म्हटले? ज्या मुलीला एकदाही नकार मिळाला नाही, तिने बहुधा कुणाकडे काही मागितलेलेच नाही.

मागायची जागा गावातच आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्याकडे कायदा आहे. या मुलींना मत नाही, पण अर्ज लिहून द्यायला वयाची अट नाही. १५ ऑगस्टला सकाळी गाईड ध्वजवंदनाला संचलन करतात, पाहुण्यांना ओवाळतात, खाऊ घेऊन घरी जातात. त्याच दिवशी बऱ्याच गावांत ग्रामसभा भरते. यंदा खाऊ झाल्यावर त्यांना थांबवून घ्या आणि अर्ज वाचायला दहा मिनिटे द्या. गणवेश अंगात असतोच.