आरओचे पाणी चालते, टँकचे का चालत नाही?

गेल्या काही अंकांपासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार वाढते आहे. माशांच्या टँकला ड्रिल मारून घेतले, ओव्हरफ्लोची नळी नहाणी ट्रॅपपर्यंत नेली आणि दुसऱ्या आठवड्यात सोसायटीची नोटीस दारावर. ठाण्याच्या एका वाचकाकडून ‘सदनिकेत विनापरवाना फेरफार’ केल्याबद्दल खुलासा मागितला आहे. पुण्याच्या एका वाचक भगिनीला तर आर्किटेक्टचा दाखला, प्लंबरचे हमीपत्र आणि खालच्या मजल्याची ना हरकत अशी तीन कागदपत्रे आणायला सांगितली आहेत. तीन फुटी टँकसाठी!

आता ही नळी कसली? 25 मिलिमीटरची पीव्हीसी, स्कर्टिंगच्या वरून क्लॅम्पवर बसवलेली. भिंतीला आरपार भोक नाही, स्लॅबला हात नाही, वॉटरप्रूफिंगच्या जवळपासही कोणी गेलेले नाही. घर सोडताना पाना फिरवला की नळी काढून खांद्यावर टाकून नेता येते. सदनिकेतल्या फेरफाराला कमिटीची परवानगी लागते, असे आदर्श उपविधी सांगतात आणि ते योग्यच आहे. बीम तासणारे आणि बाल्कनी आत घेणारे महाभाग प्रत्येक इमारतीत असतात. पण त्यांच्यासाठीचा नियम पाण्याच्या नळीला लावायचा, तर मग वॉशिंग मशीनच्या नळीला का नाही? एका धुण्याला 50 ते 100 लिटर पाणी तीही त्याच ट्रॅपमध्ये सोडते. आरओची बारीक नळी सिंकमध्ये रोज ठिबकत असते, तिच्यासाठी कोणत्या सेक्रेटरींनी खालच्या मजल्याची ना हरकत आणली? टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या पाण्याला आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितले होते. भातसा-तानसाचे पाणी त्या आकड्याच्या कितीतरी खाली आहे. तरी मुंबईत नोटिसा काढणाऱ्यांच्या ओट्यावरच ते यंत्र लटकलेले दिसते. तेव्हा ‘पाण्याची नासाडी’ हा शब्द नोटिशीत लिहिण्याआधी जरा स्वयंपाकघरात डोकावावे.

कमिटीच्या भीतीत एक खरा मुद्दा आहे, तो मात्र आपण मान्य केला पाहिजे. टँकला थेट नळाची लाइन जोडायची आणि बाहेर जायचे, हा प्रकार काही सभासद करतात. फ्लोट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा ओव्हरफ्लोच्या जाळीवर व्हॅलिस्नेरियाची पाने बसली, की गच्चीवरची टाकी संपेपर्यंत पाणी हॉलमध्ये येत राहते. अशा सेटअपला आमचाही विरोध आहे. पण मधे एक ड्रम ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक घ्या. काठोकाठ 190 लिटर, वाळू-दगड वजा जाता साधारण 170. शेजारी 60 लिटरचा ड्रम. (नवा आणि फूड ग्रेडचा घ्या, भंगारातल्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होते ते ड्रमलाच ठाऊक.) सकाळी पाणी आले की हाताने भरा, क्लोरीन मारायला हायपो टाका, संध्याकाळी कूलर पंपाने टँकमध्ये चढवा. वरचे तेवढेच पाणी ओव्हरफ्लोने निघून जाते. पंपाची नळी टँकमधल्या पाण्याला टेकू देऊ नका, म्हणजे पंप थांबल्यावर उलटा सायफन होणार नाही. सगळेच बिघडले तरी जमिनीवर येऊन येऊन 60 लिटर येईल. हा हिशेब कमिटीला लेखी द्या. वॉशिंग मशीनचा असा हिशेब त्यांना आजवर कोणी दिलेला नसेल.

हायपोचाही एकदा हिशेब करून ठेवा. पाण्यात क्लोरीन 1 पीपीएम धरला, तर 60 लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो. 10 ग्रॅम खडे 200 मिलिलिटर पाण्यात विरघळवले की त्यातले 10 मिलिलिटर म्हणजे एक ड्रम. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढवतात, तेव्हा 20. बोअर किंवा टँकरवर असाल तर हायपोपेक्षा टीडीएस मीटरची गरज जास्त. आणि नायट्रेट टेस्ट नळाच्या पाण्याचीही करा, कारण पिण्याच्या पाण्यात तो 45 पीपीएमपर्यंत मान्य आहे. ज्या आकड्यावर आपण पाणी बदलायला धावतो, त्याच आकड्याचे पाणी कदाचित नळातून येत असेल.

काहींनी आक्षेप घेतला आहे की या पद्धतीत नवे पाणी जुन्यात मिसळून बाहेर जाते. जाते, पण फार नाही. 170 लिटरमध्ये 60 लिटर चढवले तर 35 टक्क्यांऐवजी 30 टक्के बदल पदरात पडतो. त्या पाच टक्क्यांसाठी 15 लिटरच्या चार बादल्या बाहेर आणि चार आत, म्हणजे 120 किलो दर रविवारी उचलायला कोण तयार आहे?

उत्तर आम्हाला माहीत आहे. कोणी नाही. म्हणूनच तर ‘दर आठवड्याला’ सांगितलेला बदल महिन्यावर जातो, मग डिस्कस मासा काळा पडला की आमच्याकडे औषध विचारणारे पत्र येते. मंडळी, औषध कसले मागता? आठवड्याला 10 पीपीएम नायट्रेट तयार करणाऱ्या टँकमध्ये दर आठवड्याला 10 टक्केच पाणी बदलले, तर नायट्रेट चढत चढत 100 ला जाऊन थांबतो. 25 टक्के बदलले तर 40 ला, 50 टक्के बदलले तर 20 ला. नवे पाणी नायट्रेटमुक्त आहे, असे धरून हा हिशेब आहे. यात फिल्टर मीडियाचा ब्रँड कुठेच येत नाही. कॅनिस्टर फिल्टरवर हजारो रुपये घालणाऱ्या सभासदाला टँक कनेक्टर आणि दोन एल्बो महाग वाटतात, याला काय म्हणावे?

दुकानदार बंधूंनाही चार शब्द. टँक चिकटवून झाल्यावर गिऱ्हाइकाने भोक मागितले की तुम्ही ‘काच जाईल’ म्हणून हात वर करता. चिकटवण्याआधी सुट्या काचेला डायमंड बिटने भोक पाडणे कोणत्याही काचवाल्याला पाच-दहा मिनिटांचे काम आहे. काच टफन केलेली नसावी आणि भोकाच्या व्यासाइतके तरी अंतर काठापासून सोडावे, एवढेच पथ्य. तीन फूट आणि त्यावरचा प्रत्येक टँक मागच्या काचेत भोक पाडून, कनेक्टर आणि बूच बसवूनच विकायला ठेवा. नको असेल तो बूच तसेच ठेवील.

ज्यांना नोटीस आली आहे, त्यांनी नळी काढू नये आणि सेक्रेटरींशी जिन्यात वादही घालू नये. लेखी उत्तर द्या: नळीचा व्यास, लांबी, एका वेळी जाणारे पाणी, भिंत-स्लॅबला धक्का नसल्याचा फोटो. शेवटी एकच प्रश्न विचारा की वॉशिंग मशीन आणि आरओच्या नळ्यांसाठी कमिटीने कोणता ठराव केला आहे. असल्यास त्याची प्रत मागा. नोटीस आणि आलेले उत्तर या दोन्हींच्या झेरॉक्स महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. नावे झाकून आम्ही त्या छापू, आणि सगळ्या एकत्र करून उपनिबंधक कार्यालयात नेऊन देऊ. ज्यांना अजून नोटीस आलेली नाही, त्यांनी या रविवारी ड्रम आणावा.