मागची सायकल

परवाच्या सोमवारी उजव्या कोपराला पट्टी बांधून मी कॉलेजात गेले, तेव्हा स्टाफरूममधल्या मंडळींनी चहाचे कप खाली ठेवून माझी विचारपूस केली.

“काय झालं, बाई?”

“पडले.”

“बाथरूममध्ये?”

चाळिशी उलटलेल्या बाईने पडायचे ते न्हाणीघरातच, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मी म्हटले, “डोंगरावर. सायकलवरून.”

क्षणभर कोणी बोलेना. मग अर्थशास्त्राचे सर म्हणाले, “पण मुळात डोंगरावर सायकल न्यायचीच कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. एरवी दर आठवड्याला या पानावर आपली घाईघाईची भेट होते. आज फराळाचे ताट बाजूला सारून तुम्ही निवांत बसला आहात, तर ते उत्तर तुम्हालाच देते.

या भानगडीचे मूळ माझी भाची. नोकरी लागल्यावर तिने डोंगरात चालवायची सायकल घेतली आणि वर्षभरात तिची बंगळूरला बदली झाली. सायकल आमच्या इमारतीच्या जिन्याखाली आली. “मावशी, नुसती ठेवू नकोस, गंजेल गं. चालवत जा,” असे ती जाताना बजावून गेली. पापड वाळत घालावेत तशी ही कामगिरी माझ्याकडे आली.

सायकल मला नवी नव्हती. साताऱ्याला शाळेत असताना तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर मी शिकले. दादा मागून कॅरियर धरून धावायचा. पुढे पुण्यातले सगळे शिक्षण सायकलवरच झाले. मग स्कूटर आली, लग्न झाले आणि सायकल सुटली. पण ही सायकल म्हणजे निराळेच प्रकरण! अंगठ्याएवढ्या खुंट्या असलेले जाड टायर, पुढच्या चाकाला धक्के गिळणारे शॉक ॲबसॉर्बर, आणि चढावर पाय भराभर फिरतात पण सायकल मुंगीसारखी सरकते असे गिअर.

पहिले काही रविवार यजमानांनी आणि त्यांच्या मित्रांनी मला बरोबर नेले. खडकवासल्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला की डोंगराच्या कडेने एक बैलगाडीची वाट चढत जाते. ही मंडळी पुढे निघून जात आणि चढाच्या माथ्यावर माझी वाट पाहत थांबत. कुणीही म्हणेल, केवढा समजूतदारपणा! पण व्हायचे असे, की ते दहा मिनिटे गप्पा मारीत, पाणी पीत, दमट पाठी वाऱ्यावर वाळवीत. मी धापा टाकीत पोचले की, “आलीस? चला, निघू या!” म्हणून सगळे पुन्हा सायकलीवर. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती दर चढाला मिळायची, आणि जिला गरज तिला दिवसभरात एकदाही नाही. संसारात हे गणित मी पुष्कळदा पाहिले होते. सायकलवर बसल्यावर ते सुटले.

तेव्हा मी वेगळी चूल मांडली. समोरच्या इमारतीतल्या वहिनी, बँकेत काम करणारी एक मैत्रीण, तिची धाकटी जाऊ आणि मी. वहिनी त्रेपन्न वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. मुलगा परगावी. सांगलीला शाळेत सायकलने जात होते, एवढ्या भांडवलावर त्या आमच्यात आल्या. आम्ही एकच नियम केला. मागची सायकल पोचली की विश्रांती सुरू, आणि पुन्हा निघायचे केव्हा ते मागच्या सायकलीने सांगायचे. वहिनींच्या थर्मासमधला चहा आणि शेंगदाण्याचे लाडू हा त्या नियमाचाच भाग.

सायकल आणि चहा यांची सांगड घालणाऱ्या आम्ही पहिल्याच, असा माझा समज होता. पण हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात जन्मला, आणि तिथे ही सांगड आमच्या आधीच बसली होती. १९७०च्या दशकात तिथली तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची. १९७६ साली त्यांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटर खाली! तळाशी येईतो मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून ते नाव. त्या पुरुषी गोतावळ्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई कॅमेरा घेऊन होती. ती स्वतः त्या उतारावरून आली, आणि त्या काळाची छायाचित्रे आज आहेत त्यांतली कितीतरी तिचीच. पुढे तिथल्याच जॅकी फेलन या नामांकित शर्यतपटूने खास बायकांसाठी एक मंडळ काढले. त्याच्या नावातच ‘चहा’ होता! ऑलिंपिकचीही एक गंमत सांगते. रस्त्यावरची सायकलशर्यत पुरुषांसाठी १८९६ साली होती; बायकांना तिच्यात यायला १९८४ साल उजाडले. डोंगरातली शर्यत १९९६ साली अटलांटाला प्रथम आली, ती मात्र दोघांसाठी एकदमच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या वाटेवर एक उतार आहे. मध्यभागी वीतभर उंचीची दगडाची पायरी. तिथे सायकल कशी न्यायची, याचे शास्त्र आहे. सीट खाली करून ठेवायचे. बूड उचलून मागे न्यायचे. दोन्ही पेडल एका पातळीत. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, कारण मग सायकल थांबते आणि आपण पुढे जातो. आणि नजर लांब ठेवायची. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. हे शास्त्र अंगी उतरायला मला तीन महिने लागले. ते उतरले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

वहिनी त्या पायरीशी आल्या की शांतपणे उतरायच्या, सायकल हाताने खाली न्यायच्या, आणि पुन्हा बसायच्या. एका रविवारी मी खाली उभी राहून सुरू झाले. “वहिनी, आज नाही उतरायचं! काही होत नाही! सोडा ब्रेक! अहो, सोडा!” यजमानांचा सूर माझ्या गळ्यातून निघत होता, पण मला तो ओळखू आला नाही. वहिनींनी ब्रेक सोडला, मग घाबरून आवळला, आणि त्या बाजूच्या करवंदीच्या जाळीत गेल्या. लागले फारसे नाही. साडीवरचे कुसळ काढावे तसे त्यांनी बाहीतले काटे एकेक करून काढले आणि माझ्याकडे न बघता विचारले, “बाई, वर्गात मुलांनाही तुम्ही अशीच घाई करता का हो?”

त्यानंतरचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. मागची सायकल नसली की विश्रांती केव्हा सुरू करायची तेच कळेना. आम्ही तिघी थांबायचो, चहा नसायचा, आणि कोणी म्हणण्याआधीच निघायचो.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. क्षमा मागायची तयारी करून गेले होते, पण बोलले भलतेच. मी वर्गात पंडिता रमाबाईंविषयी शिकवते. १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत होत्या, आणि तिथे दारूबंदीसाठी झटणाऱ्या एका मोठ्या स्त्रीसंघटनेशी त्यांचा संबंध आला. फ्रान्सिस विलर्ड या तिच्या अध्यक्षा. तो धागा धरून वाचता वाचता मला या विलर्डबाईंचे १८९५चे एक छोटे पुस्तक सापडले होते. विषय, आपण सायकल कशी शिकलो! आई वारलेली, प्रकृती ढासळलेली, आणि बाई त्रेपन्न वर्षांच्या. सुरुवातीला दुसऱ्यांनी सायकल धरायची तेव्हा या वर बसायच्या. रोज पाव तासाच्या सरावाने त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. सायकलीचे नावही त्यांनी ठेवले होते, ग्लॅडिस.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “त्रेपन्न? आणि तीन महिने?”

“हो.”

“आणि ती रस्त्यावर चालवायची. डोंगरावर नव्हे.”

“नव्हे.”

“मग मला अजून पुष्कळ वेळ आहे,” असे म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी थर्मास धुवायला घेतला. मी माझी क्षमा तेव्हा मागितली. नळाच्या आवाजात ती त्यांना ऐकू आली की नाही, कोण जाणे. “यांच्या आजारपणात दोन वर्षं घड्याळाकडे बघत काढली,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “औषधाची वेळ, डॉक्टरांची वेळ. रविवारी सकाळी तेवढं कुणी ‘आटपा’ म्हणत नाही, म्हणून मी येत होते.”

मला बोलायला काही उरले नाही.

गेल्या रविवारी वहिनी आल्या. पायरीशी त्या नेहमीसारख्या उतरल्या, सायकल हाताने खाली नेली, पुन्हा बसल्या आणि पुढे गेल्या. मी वरच तोंड मिटून उभी होते. मग माझी पाळी आली. तोंड मिटले तरी मास्तरीण गप्प बसली नव्हती. ही पायरी कशी उतरायची ते तिला एकदा दाखवायचे होते. वहिनी बघताहेत ना, म्हणून माझी नजर क्षणभर त्यांच्याकडे वळली, तिथून दगडावर गेली, आणि हाताने पुढचा ब्रेक आवळला. सायकल थांबली. मी पुढे गेले.

तिघी धावत आल्या. धाकट्या जावेने कोपर धुतले, मैत्रिणीने पट्टी बांधली. वहिनींनी थर्मास उघडून चहा ओतला आणि पेला माझ्या डाव्या हातात दिला. “आज साखर जरा जास्त पडलीय,” एवढेच म्हणाल्या.

चहा संपत आला तरी कोणी उठेना. मग माझ्या लक्षात आले, की सगळ्या माझ्याकडेच बघताहेत. त्या दिवशी मागची सायकल माझी होती.

“निघायचं केव्हा, बाई?” वहिनींनी विचारले.

मी म्हटले, “जरा बसू.”