तारेला ओवलेली देवळाली

यंदा आषाढ लागण्यापूर्वी घोटीच्या आमच्या जुन्या पेढीचे पत्रे बदलावयाचे ठरले. माळा रिकामा करताना चोपड्यांच्या गाठोड्यांमागे एक गंजलेली तार निघाली. बुडाशी लाकडी चकती, वर आकडा आणि मध्ये दाटीने ओवलेले शेदीडशे कागद. व्यापारी घरात ही तार कोणास अपरिचित नाही. भाताच्या वजनाच्या चिठ्ठ्या, रेल्वेच्या बिल्ट्या, हमालीच्या पावत्या असा दिवसाचा कागद त्या दिवशी तारेत जाई. वर्ष सरले की तार माळ्यावर. रद्दीवाला दारातच उभा होता. "शेठजी, हेही टाका पोत्यात," तो म्हणाला. मी टाकणारही होतो. परंतु एका गुलाबी कागदाची कड बाहेर आली होती आणि तीवर 'देवळाली' हे अक्षर होते.

देवळाली आपल्या समाजाला नवी नाही. घोटीहून गाडीने पाडळी, अस्वली, लहवीत ओलांडले की देवळाली. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईकराला ही कोरडी, निरोगी हवा जवळची झाली. लष्कराची छावणी तेथे होतीच. पुढे मुंबईच्या पारशी, जैन आणि गुजराती दानशूरांनी तेथे सॅनेटोरियमे बांधली. आजारातून उठलेल्या माणसाने महिना-दोन महिने हवापालट करावा, यासाठी अल्प भाड्यात खोल्या मिळू लागल्या.

अशा ठिकाणांच्या छापील कागदांचे मोल युरोपात पूर्वीच ओळखले गेले. आल्प्स पर्वतातील बाड गास्टाइनसारख्या उष्णोदकाच्या आरोग्यस्थळांची हॉटेल-बिले, पाहुण्यांच्या छापील याद्या, चित्रपत्रे तेथील संग्राहक जिवापाड जपतात. पोस्टकार्डाची चालही प्रथम ऑस्ट्रियाने १८६९ साली पाडली; आपल्याकडे कार्ड आले १८७९ साली, पाव आण्याला. ग्रंथ कोणीतरी जपतोच. पावती, नियमपत्रक, तिकीट हे मात्र काम संपताच फेकण्यासाठी जन्मतात. म्हणूनच ते दुर्मीळ होतात. रेल्वेचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट हजारोंनी छापले जाई, पण उतरताच ते दारावर द्यावे लागे. घरात उरलेले तिकीट हा अपवादच.

आमच्या तारेत देवळालीचे पाच कागद निघाले : एका सॅनेटोरियमचे गुजराती लिपीतील नियमपत्रक, एका खासगी बंगल्याच्या भाड्याच्या तीन पावत्या आणि दूध-औषधांचे एक बिल. सर्वांवर तिथी होती, संवत् कोठेच नव्हते. मग कागदालाच विचारावे लागले.

ही विद्या प्रत्येक पेढीवाल्याला साधण्याजोगी आहे. १८९९ च्या स्टॅम्प कायद्यानुसार वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लागे. आमच्या पावत्यांवरील तिकिटावर सहाव्या जॉर्ज बादशहाची छबी होती. तो गादीवर आला १९३६ च्या अखेरीस. म्हणजे पावत्या त्यानंतरच्या आणि स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंतच्या. अशी तिकिटे नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. देवळालीच्या पावतीवरचे तिकीट देवळालीच्या शेजारचेच. बिल्टीवर 'जी. आय. पी.' असेल तर ती नोव्हेंबर १९५१ पूर्वीची, कारण त्यानंतर मध्य रेल्वे झाली. हिशेब आणे-पैत असेल तर कागद बहुधा १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

काळ कळला आणि आमच्या घरातील एक जुनी गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली. दादाजींच्या धाकट्या भगिनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या भुवाजी, त्या सुमारास घरातून गेल्या त्या परतल्या नाहीत. "नातेवाइकांकडे गेल्या आणि तापाने वारल्या," एवढेच आम्हांस सांगण्यात आले. वडील तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. टांग्यात बसून स्टेशनकडे जाणाऱ्या भुवाजी त्यांना आठवतात. दादाजी मोठे हिशेबी. लोक बोलतील म्हणून त्यांनी बहिणीला दूर लोटले, खर्चही केला नाही, हा सल वडिलांनी आयुष्यभर बाळगला. बोलून मात्र कधी दाखविला नाही.

नियमपत्रकात संसर्गजन्य रोग असलेल्यास खोली मिळणार नाही, अशा अर्थाचे कलम आहे. त्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ आहे. भुवाजींना क्षय होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन सापडले, पण ते आपल्यासारख्यांच्या हाती येण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर उपाय म्हणजे मोकळी हवा, दूध आणि विश्रांती. सॅनेटोरियमचे दार मिटले तेव्हा दादाजींनी स्वतंत्र बंगला घेतला. तीन महिन्यांचे भाडे. बिलात रोजचे दोन शेर दूध. आणि याच कागदांना लागून, त्याच तारेत, सराफाची एक पावती : दादीजींच्या पाटल्या विकल्याची.

नव्वदीतल्या वडिलांपुढे मी ते कागद ठेवले. त्यांनी भिंगाने प्रत्येक कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पावत्यांची घडी घालून उशाशी ठेवली. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. भाद्रपदात क्षमापनेच्या दिवशी मात्र त्यांनी सर्वांत आधी आपल्या वडिलांच्या तसबिरीपुढे हात जोडले.

आता व्यवहाराचे दोन शब्द. आमच्या घोटी-इगतपुरीचा पाऊस कागदाचा शत्रू आहे. कागद तारेतून अलगद काढावेत. टाचण्या गंजतात, त्या काढून टाकाव्यात. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये मढवू नये. नोंद करावयाची तर मागे पेन्सिलीने. कसरीसाठी विषारी औषध मारण्याचे कारण नाही. आपल्या ज्ञानभांडारांनी पोथ्या वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून, कोरड्या वस्त्रात बांधूनच शतकानुशतके राखल्या. ज्ञानपंचमीला पोथ्या उघडल्या जातात, तेव्हा ही कागदांची पेटीही उघडावी. कार्तिकात हवा कोरडी असते.

कोणी म्हणेल, हाही परिग्रहच. शंका योग्य आहे. संग्रहाचा मोह मलाही त्या दिवसांत शिवला. म्हणून आम्ही एक मर्यादा घातली. भुवाजींचे चार कागद आणि सराफाची पावती घरात राहतील. नियमपत्रकाचे छायाचित्र आमच्याकडे राहील. मूळ प्रत त्या सॅनेटोरियमच्या विश्वस्तांकडे जाईल, कारण ती त्यांच्या दानाची साक्ष आहे. बाकीच्या चिठ्ठ्या वाचून, भाताचे जुने भाव वहीत उतरवून, मग रद्दीत दिल्या.

दिवाळीपूर्वी आपल्याही माळ्यांची झाडलोट होईल. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी, वाचकहो, एकदा ती तार खाली उतरवून पाहावी.