लग्नाची नोटीस भिंतीवर कशाला?

विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर जोडप्याला आधी विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. तिच्यात दोघांची नावे, वय, व्यवसाय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता असे सगळे भरायचे असते. ती कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावतात आणि ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. दोघांपैकी एकाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिथल्या अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथेही ती लागते. घरच्यांच्या धाकाने बाहेर पडलेल्या मुलीचा नवा पत्ता अशा रीतीने सरकारच तिच्या जिल्ह्यात पोचवते. १९५४ पासून चालत आलेली ही तरतूद रद्द झाली पाहिजे.

उदारमतवाद म्हणजे सरकारने लोकांच्या वाटेला जाऊ नये, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. तो अपुरा आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’त बजावले होते की समाजाची दंडेली सरकारच्या जुलमापेक्षाही खोल जाते, आणि तिच्यापासून सुटायला वाटाही कमी उरतात. मिलचा संस्कार झालेल्या आगरकरांनी १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला, तो याच विचाराने. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप गुलाम देशात हलका नव्हता. पण दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीने दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर त्यात नव्हते. सरकारने बळजोरीच्या आड यावे आणि सज्ञान माणसाच्या निवडीतून बाजूला व्हावे, ही उदारमतवादाची खरी मागणी आहे. लग्नाची नोटीस नेमके उलटे करते. निवडीत नाक खुपसते आणि बळजोरी करणाऱ्याच्या हाती पत्ता देते.

नोटीस नसेल तर फसवणूक वाढेल, पहिले लग्न लपवले जाईल, असे सांगितले जाते. ही भीती खोटी नाही. मात्र हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्याला अशी नोटीस द्यावी लागत नाही. तिथे पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि गुन्हाही होतो. तेवढा धाक तिथे पुरतो, मग इथे का पुरू नये? कागदपत्रे अधिकाऱ्याने जरूर तपासावीत, त्यासाठी भिंत लागत नाही. आईवडिलांना कळायला नको का, हा प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. या कायद्यात हरकतीला कारणे मोजकीच आहेत : हयात जोडीदार, कमी वय, मानसिक अक्षमता आणि निषिद्ध नाते. घरच्यांची नापसंती त्यात नाही. दोन सज्ञानांच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. जोडप्याने स्वतः मागितले तरच नोटीस लावावी, असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य या कायद्यात दुरुस्ती करू शकते. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करणाऱ्या विधिमंडळाने हे विधेयकही आणावे, आणि आपापल्या आमदाराकडे तशी मागणी आपण करावी.